त्रिभुवनसाहेबांचा चहा

डिस्टिलरीत नोकरी लागल्याचं मी सासूबाईंना आठ दिवस सांगितलं नव्हतं. 'साखर कारखान्यात केमिस्ट' एवढंच सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं, कारण डिस्टिलरी कारखान्याच्याच आवारात, मागच्या अंगाला होती. नवव्या दिवशी त्यांनी दोरीवरची माझी साडी नाकाशी धरली आणि विचारलं, "तिथं साखरच करतात ना गं?" आंबलेल्या मळीचा वास दोन धुण्यांत जात नाही. मग सगळं सांगावं लागलं. साखर काढून घेतली की मागं काळा, घट्ट पाक उरतो, ती मळी. तिच्यात यीस्ट सोडून ती आंबवायची, मग तापवून तिच्यातून स्पिरिट वेगळं काढायचं, आणि ते पेट्रोलमध्ये मिसळायला पाठवायचं. "म्हणजे गाड्यांना पाजता," त्या म्हणाल्या, आणि विषय त्यांच्यापुरता संपला.

हे त्रिभुवनसाहेबांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. पुढं कित्येक वर्षं कुणी पाहुणा लॅबमध्ये आला की ते माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "ह्या आमच्या बाई. गाड्यांना पाजतात." आता ते नाहीत. गेले त्याला पावसाळ्यात वर्ष होईल. परवा पेट्रोल पंपावर रांगेत उभी होते, आणि नळीतून आलेला वास घेताना माझ्या मनात आपोआप आलं की यात स्पिरिट किती असेल. हा नाद त्यांनीच लावला.

शमुवेल त्रिभुवन आमच्या लॅबचे मुख्य केमिस्ट. श्रीरामपूरच्या बाजूच्या वस्त्यांवर वाढलेले, नगरला शिकलेले, बी.एस्सी.ची पदवी असूनही बोलायला लागले की थेट चिंचमळ्याचे. चिंचमळा ही त्यांची वस्ती. पंचवीसेक घरं, एक छोटं चर्च, एक मोठी चिंच आणि तिच्या पलीकडं त्यांच्या थोरल्या बहिणीची, साराबाईची विहीर. दर रविवारी उपासनेला ते एसटीनं तिथं जायचे. एरवी सायकल. आयुष्यभर इंधनाच्या धंद्यात असलेला माणूस सायकलवर फिरतो याची कामगारांना फार गंमत वाटायची. कुणी टोकलं की म्हणायचे, "ही भाकरीवर चालती. धूर न्हाई."

माझी मुलाखत त्यांनी घेतली ती मी कधी विसरणार नाही. सर्टिफिकेटांची फाईल त्यांनी उघडलीच नाही. कापसाचे बोळे लावलेल्या तीन परीक्षानळ्या समोर ठेवल्या आणि म्हणाले, "वास घ्या आन सांगा." पहिलीला ताज्या पावाचा वास होता. दुसरीला नासक्या पेरूचा. तिसरी मी तीनदा नाकाशी नेली. काहीच येईना. नोकरीची गरज होती, नवीन लग्न झालेलं, घरातून कसाबसा होकार मिळालेला. काहीतरी सांगून टाकावं असं फार वाटलं. पण शेवटी म्हटलं, "हिला कसलाच वास नाही."

"पानीच हाय," ते म्हणाले. "लई जनांना त्यात पन वास येतो. सोमवारपासून या."

त्यांचं स्वतःचं नाक म्हणजे त्या डिस्टिलरीतलं सगळ्यात भरवशाचं यंत्र होतं. सकाळी आले की आधी आंबवणीच्या टाक्यांकडं जायचे. शिडी चढून टाकीच्या तोंडाशी उभे राहायचे, डोळे मिटायचे. यीस्टला ते 'मंडळी' म्हणायचे. "मंडळी बोलायला लागली," म्हणाले की सगळं ठीक. "मंडळी रुसलीत, ऊन लागलंय," म्हणाले की ऑपरेटर मुकाट्यानं टाकीवर गार पाणी सोडायचा. मीटर नंतर तेच दाखवायचं, पण तासाभरानं.

दारूला मात्र त्यांनी जन्मात हात लावला नाही. लग्नकार्यात लांबचे पाहुणे त्यांना कोपऱ्यात घेऊन हळूच बाटलीबद्दल विचारत, तेव्हा ते अगदी गंभीरपणे सांगत, "मंडळी साखर खातात आन स्पिरिट करतात. ते वाढलं की त्यातच त्यांचा जीव जातो. इतक्या जनांचा जीव गेलेली वस्तू मला न्हाई पिववत." पाहुणा बिचारा दोन पावलं मागं सरायचा.

त्यांना व्यसन एकच, चहाचं. लॅबमध्ये त्यांचं एक काचेचं बीकर होतं, त्याच्यावर लाल पेन्सिलीनं लिहिलेलं: 'चहा. हात लावू नये.' पत्ती ते तराजूवर मोजून घ्यायचे, ज्या तराजूवर आम्ही नमुने मोजायचो त्याच. साखरसुद्धा. अकरा वाजता, दोन वाजता, चार वाजता, आणि मधे कुणी आलं तर आणखी. मी अल्कोहोल मोजायला शिकले त्याच्या आधी मला चहा मोजायला शिकावं लागलं, आणि पहिले दोन आठवडे माझा एकही चहा पास झाला नाही. "उकळी जास्त झाली बाई, पत्ती करपली." मी जामखेडची. आमच्याकडं पाणी आलं की हंडा लावायचा एवढंच ठाऊक. पाण्याला चव असते, चहाला वेळ लावायचा असतो, हे लाड मला माहीत नव्हते. मनातून चिडायचे. पण त्यांच्या हातचा चहा पिताना चीड टिकत नसे, हेही कबूल करते.

या चहाच्या वेळेतच ते इंधनाबद्दल बोलायचे. शाळेची सहल आली तरी तेच, बिनकामाचा संचालक आला तरी तेच.

"पेट्रोल म्हंजे जुनं ऊन," ते म्हणायचे. "समुद्रातल्या बारीक बारीक जीवांनी करोडो वर्षांमागं ते ऊन खाल्लं, मेले, गाडले गेले, त्याचं तेल झालं. ते आपन उपसतो आन आज जाळतो. तेवढ्या जुन्या काळाचा धूर एकदम आपल्या डोक्यावर येतो. मग हवा तापनार न्हाई तर काय. स्पिरिट म्हंजे औंदाचं ऊन. उसानं औंदा हवेतनं घेतलं, गाडीनं औंदाच हवेत सोडलं."

इथं समोरचा खूश होऊन मान डोलवायला लागला की ते हात वर करायचे. "थांबा. उसाला पानी किती लागतं ते बघा. तापवायला आग लागती ते बघा. आन एक बादली स्पिरिट काढलं की मागं दहा-बारा बादल्या काय ऱ्हातं, ते तर बघाच." मग ते पाहुण्याला मागच्या तळ्यापाशी घेऊन जायचे. स्पिरिट काढून घेतल्यावर उरणारं ते पाणी, त्याला आम्ही स्पेंटवॉश म्हणतो: तांबडंकाळं, गरम, आंबट वासाचं. पाहुणा रुमाल नाकाला लावायचा. त्रिभुवनसाहेब लावायचे नाहीत. "आपलंच हाय," म्हणायचे.

मी नोकरीला लागले त्याच्या तिसऱ्या वर्षी ते तळं काठोकाठ भरलं. पावसाळ्याच्या आत ते रिकामं होणं भाग होतं. या पाण्यात पोटॅश असतं आणि पोटॅश हे खत. म्हणून कारखान्यानं ते शेतकऱ्यांना फुकट टँकरनं द्यायचं ठरवलं. लोक कशाला घेतील? वासानंच पळायचे. तेव्हा त्रिभुवनसाहेब म्हणाले, आधी माझ्या बहिणीच्या रानात टाका. उन्हाळ्यात, नांगरटीच्या आधी, एकरी एकच टँकर, पसरून. स्वतः बांधावर उभं राहून त्यांनी ते टाकून घेतलं. त्या वर्षी साराबाईचा ऊस असा आला की लोक रस्त्यावरून उतरून बघायला जात. पुढच्या उन्हाळ्यात सगळ्या चिंचमळ्याला टँकर हवा होता.

आणि चिंचमळ्याच्या लोकांनी आपलं डोकं चालवलं. फुकटची वस्तू आज मिळते, उद्या बंद झाली तर? त्यांनी टँकर रानात सोडण्याऐवजी मुरमाच्या जुन्या खाणीत सोडले. रस्त्यासाठी मुरूम काढून झालेला तो मोठा खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला रिकामाच पडून होता. तो भरून ठेवला, म्हणजे दोन वर्षांच्या खताची सोय. नाताळला त्रिभुवनसाहेब वस्तीवर गेले तेव्हा लोकांनी त्यांना कौतुकानं तो भरलेला खड्डा दाखवला. सोमवारी ते लॅबमध्ये येऊन मला म्हणाले, "आमची मानसं लई हुशार, बाई. साठा करून ठेवलाय."

मीही हसले. मलाही काही सुचलं नाही. केमिस्ट दोघंही होतो.

पुढच्या वैशाखातली गोष्ट. दुपारचे दोन वाजलेले, त्यांच्या हातात चहाचं बीकर. फाटकावरच्या वॉचमननं एक बाटली आणून दिली. एसटीच्या कंडक्टरबरोबर साराबाईनं पाठवलेली. थंड पेयाची जुनी बाटली, तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. आत तांबूस, नितळ दिसणारं काहीतरी. "आक्कानं कोरा चहा पाठवला बघा," ते मला म्हणाले आणि हसत हसत त्यांनी पिशवी सोडून बाटली नाकाशी नेली.

त्यांनी बीकर टेबलावर ठेवलं. पुन्हा उचललं नाही. त्या चहावर साय धरली, मग ती काळी पडली, आणि संध्याकाळी मीच तो ओतून टाकला. तोवर त्यांनी स्वतः पाण्याची प्रत्येक तपासणी दोनदा केली होती. रजिस्टरमध्ये त्यांनी लिहिलं: 'चिंचमळा. साराबाईची विहीर. पाण्यात स्पेंटवॉश उतरला आहे. खड्ड्याखाली सच्छिद्र मुरूम. खताची शिफारस करणारा: श. त्रिभुवन.' अक्षर नेहमीसारखंच सुबक होतं.

दुसऱ्या दिवशी ते कारखान्याच्या मोठ्या साहेबांसमोर उभे राहिले. मी रिपोर्ट घेऊन बरोबर होते. मोठे साहेब वाईट माणूस नव्हते, पण घाबरले. "त्रिभुवन, विहिरी शंभर कारणांनी खराब होतात," ते म्हणाले.

"व्हय साहेब. ही एका कारणानं झालीय. आन ते कारण तुमच्या म्होरं हुबं हाय."

"हे लिहून कशाला ठेवलंत?"

"न लिवता मोजायची सवय न्हाई."

शेवटी साहेबांनी खड्डा उपसायला टँकर दिले. मात्र त्यानंतर त्रिभुवनसाहेबांची बढती जी अडली ती अडलीच. त्यांनी तिचं नाव पुन्हा काढलं नाही. मी काढलं तर म्हणायचे, "चला, मंडळींकडं बघू."

त्या रविवारी विहिरीचा नमुना नीट घ्यायला म्हणून ते मला चिंचमळ्याला घेऊन गेले. उपासना झाली, पाळकांनी आशीर्वाद दिला, आणि लोक उठायच्या आत त्रिभुवनसाहेब उभे राहिले. काय झालं ते त्यांनी सरळ सांगितलं. विहीर पिण्यालायक राहिली नाही, आणि किती दिवस राहणार नाही ते आपल्याला ठाऊक नाही, असं सांगितलं. मग पुढच्या बाकावरचे एक म्हातारे म्हणाले, "शमुवेल, तूच म्हनला हुतास, चांगलं हाय."

"म्हनलो हुतो, नाना."

"खड्ड्याला बी हुशारी म्हनलास."

"म्हनलो. मला तुमचा हुरूप दिसला, खालचा मुरूम न्हाई दिसला. मुरूम बघायचं काम माझं हुतं."

बाहेर चिंचेखाली साराबाई उभ्या होत्या. उंच, काळ्या, हातात रिकामी कळशी. पिण्याचं पाणी आता पलीकडच्या वस्तीवरून आणावं लागणार होतं आणि त्यांचे गुडघे आधीच धरलेले होते. भाऊ आत काय बोलला ते त्यांनी दारातून ऐकलं होतं. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "बस. चहा टाकते. आता पावडर लागत न्हाई, पान्यालाच रंग आलाय."

लोक हसले. मीसुद्धा. त्रिभुवनसाहेब हसले नाहीत. "आक्का," ते म्हणाले, "ह्या विहिरीचं पानी नितळ हुईल, तवा तुझ्या हातचा चहा पिईन. तवर चहा न्हाई."

कुणी ते मनावर घेतलं नाही. पण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांनी तराजूवर पत्ती मोजली, साखर मोजली, आम्हा सगळ्यांसाठी चहा केला आणि स्वतः बीकरमध्ये नुसतं गरम पाणी घेऊन बसले. पुढची सगळी नोकरी हे असंच चाललं. चहा तेच करायचे, कपावर वाकून वास घ्यायचे, "जमला," म्हणायचे आणि कप मला द्यायचे. मला पहिले काही महिने तो गिळवत नसे. आपण पिऊ नये असंही वाटायचं. एकदा तसं बोलून दाखवलं तर मला झापलंच त्यांनी. "तुमी कशाला सोडता? तुमी खड्ड्याला हुशारी म्हनला का?" मी मनात म्हटलं, हसले होते की.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी विहिरीचा नमुना यायचा. लॅबच्या खिडकीत त्या बाटल्यांची रांग लागली, प्रत्येकीवर महिन्याची चिठ्ठी. खड्डा उपसून झाला, खालची माती खरवडून काढली, दोन पावसाळे विहीर रिकामी करून पुन्हा भरू दिली. दिवाळीला बाटली फिकी दिसायची, आम्हाला हुरूप यायचा, आणि वैशाखात पाणी तळाला गेलं की पुन्हा तोच रंग. "पावसाळ्यात कुनीबी सोज्वळ दिसतं," ते म्हणायचे. "वैशाखातली बाटली खरी." एकदा एक संचालक लॅब बघायला आले. उन्हात चमकणारी ती तांबूस रांग बघून त्यांचे डोळे लकाकले. "हा कुठला माल?" त्यांनी हळूच विचारलं.

"आमचाच हाय, साहेब," त्रिभुवनसाहेब म्हणाले. "कुनी घेत न्हाई."

अशा माणसाला आपल्याच धंद्याचा वीट यायला हवा होता. तो आला नाही, हे मला त्यांचं फार मोठं वाटतं. एका पावसाळ्यात आमच्या जवळच्या पंपावर पेट्रोल भरलेल्या डझनभर मोटरसायकली थोड्या थोड्या अंतरावर बंद पडल्या. त्यात माझी स्कूटीही होती. पंपावर गर्दी जमली. मालकानं पेट्रोलमध्ये पाणी घातलं म्हणून त्याची गचांडी धरायचंच बाकी होतं. तेवढ्यात सायकलवरून साहेब आले. त्यांनी माझ्याच स्कूटीच्या टाकीतलं पेट्रोल एका रिकाम्या काचेच्या बाटलीत काढलं आणि ती उंच धरली. बाटलीत दोन थर स्पष्ट दिसत होते.

"खाली हाय ते नुसतं पानी न्हाई," ते म्हणाले. "स्पिरिट हाय त्यात. स्पिरिटला पान्याची लई ओढ. टाकीत जरा जास्त पानी गेलं की ते पेट्रोलला सोडतं आन पान्यासंगं खाली बसतं. इंजिनाला मग तेच जातं."

गर्दीतून एक जण ओरडला, "तुमचंच स्पिरिट ना, साहेब? आधी विहिरी नासवल्या, आता गाड्या."

वस्तीची गोष्ट आजूबाजूला पसरलेली होती. मला त्यांच्याकडं बघवेना म्हणून मी बाटलीकडं बघत राहिले.

"एक विहीर नासवली," ते म्हणाले. "साराबाईची. ती माझ्या चुकीनं. गाड्यांचं मातर तसं न्हाई. जमिनीतल्या टाकीच्या झाकनातनं पावसाचं पानी गेलंय, पैज लावा. चला, झाकन बघू."

झाकणाचं रबर चिरलेलं निघालं. मालकानं ते तिथंच बदलायला घेतलं, टाकी उपसायला माणूस बोलावला. ज्यानं टोमणा मारला त्याच्या मोटरसायकलची टाकी साहेबांनी स्वतः रिकामी करून दिली. परत येताना मला म्हणाले, "स्पिरिट वाईट न्हाई हो. त्याच्या मागं काय ऱ्हातं ते बघायचा कंटाळा वाईट." मी बंद स्कूटी ढकलत होते, त्यामुळं जे काय मोठं बोलले त्याला फक्त "हं" म्हटलं.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात कारखान्यानं नवीन यंत्रणा बसवली. स्पेंटवॉश आटवून दाट करायचा आणि बॉयलरमध्ये जाळून टाकायचा. त्याच वाफेवर पुढं डिस्टिलरी चालते. पहिल्या दिवशी ते मला घेऊन बॉयलरपाशी गेले. बराच वेळ उभे होते. रिकामं होत चाललेलं मागचं तळं तिथून दिसत होतं. "हे आधी पायजे हुतं," एवढंच म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी चिमूटभर राख बोटांवर घेतली आणि त्यांचा मूळ स्वभाव परत आला. "राखेत बी पोटॅश हाय, बाई. पन कुनाला खत म्हनून सांगताना जपून सांगा."

निवृत्तीच्या समारंभात हार झाले, शाल झाली, भाषणं झाली. त्यांनी भाषणात मंडळींचे आभार मानले. निम्म्या लोकांना वाटलं आपलेच मानले. समोर चहा आला, तो त्यांनी शेजारच्याकडं सरकवला. निघताना मला म्हणाले, "खिडकी तुमच्याकडं. महिना चुकवू नका." आणि बीकरही दिलं, त्याच्यावरची लाल अक्षरं आता पुसट झालेली.

मग ते चिंचमळ्यालाच राहायला गेले. पत्नी मार्थाबाई आधीच वारल्या होत्या, मुलगा लांब नोकरीला. बहीण-भाऊ दोघंच. बाटल्या कंडक्टरबरोबर येत राहिल्या. मग कोरोना आला आणि काही महिने सगळंच थांबलं. त्या काळात एकदा त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "दवाखान्यातनं आलो, बाई. बरा हाय. पन नाक गेलं."

मी म्हटलं, "येतं हो परत, पुष्कळांचं येतं."

"बघू," ते म्हणाले. नाही आलं. पुढं भेटीत ते ताटातल्या भाजीकडं नुसते बघत जेवायचे. तक्रार नाही. एकदाच बोलले, की टाक्यांवरची आंबवणी आठवायचा प्रयत्न करतो आणि ती आठवत नाही. मला रडू आलं, ते मी खोकल्यावारी नेलं.

त्यांच्या शेवटच्या वैशाखात बाटली आली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी चुकून ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली माझ्या टेबलावर ठेवली. चिठ्ठी वाचली: चिंचमळा, वैशाख. सगळ्या तपासण्या केल्या. विश्वास बसेना म्हणून पुन्हा केल्या. दुसऱ्या दिवशी नव्यानं सगळी काच धुऊन तिसऱ्यांदा केल्या. मग रिपोर्टचा कागद पर्समध्ये घातला आणि स्कूटी काढली. घरी सांगितलंही नाही.

ते चिंचेखाली खाटेवर बसले होते, अंगात तोच अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आता दोन मापं मोठा झालेला. कागद त्यांनी वाचला. आकडे एकेक करून बोटानं तपासले. घडी घालून खिशात ठेवला. मला वाटलं होतं, हसतील, काहीतरी बोलतील. ते उठले, काठी टेकत विहिरीवर गेले, पोहऱ्यानं पाणी शेंदून कळशी भरली. मी मदतीला पुढं झाले तर हातानंच मागं सारलं. एक काचेचा पेला भरून घेतला, उन्हाकडं धरला, आणि मग माझ्या पुढं केला.

"माझं नाक न्हाई," ते म्हणाले. "वास घ्या आन सांगा."

मी पेला नाकाशी नेला. तीनदा. जवळजवळ वीस वर्षांपूर्वी याच माणसासमोर मी असाच वास घेतला होता आणि काहीतरी सांगून टाकावं असं वाटलं होतं. आज तर त्यांना हवं तेच सांगावं असं वाटत होतं, आणि म्हणूनच भीती वाटत होती की आपलं नाक आपल्याला फसवतंय. चौथ्यांदा घेतला.

"ह्याला कसलाच वास नाही," मी म्हटलं.

ते माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलते आहे की काय, हे ते बघत होते; मला ते कळत होतं आणि मी नजर हलवली नाही. मग त्यांनी पेला परत घेतला आणि दाराकडं वळून म्हणाले, "आक्का. चहा टाक."

आत भांड्याचा आवाज थांबला. साराबाई दारात आल्या. ऐंशीच्या पुढच्या, कमरेत वाकलेल्या. भावाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि काही न विचारता ती भरलेली कळशी उचलून आत गेल्या. मग चूल पेटल्याचा आवाज आला.

तीन कप आले. त्रिभुवनसाहेबांनी सवयीनं कपावर वाकून वास घेतला, मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते स्वतःशीच हसले. एक घोट घेतला. तोंडात धरून ठेवला, गिळला. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचे दोन्ही हात मोकळे नव्हते. साराबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मी कपात तोंड घातलं. चहा अगदीच फिका झाला होता.

"पत्ती कमी पडली, आक्का," ते म्हणाले.

"पडंल नायतर काय," साराबाई म्हणाल्या. "एवढी वर्षं पान्यालाच रंग हुता. पावडर टाकायची सवय मोडली माझी."

"मग टाक की आता," म्हणत त्यांनी रिकामा कप पुढं केला.